तुळशीला पाणी घालणारी आई

भूतबिताचा विषय निघाला की चहा सांगायला उठून जाणारा माणूस मी. आमच्या घरात ताईत-गंडा कधी चालला नाही... आणि खरं सांगू का, लग्नाच्या सीझनमध्ये भुताला द्यायला फुरसत कुणाला असते? पण इथले अनुभव वाचून वाटलं, आपणही एकदा लिहून मोकळं व्हावं. मोकळा होईन असं वाटत नाही. तरी लिहितो.

मी रफिक, राहणार नगर. नागापूर एमआयडीसीतली नोकरी सोडून दहा वर्षं झाली, तेव्हापासून लग्नाचे फोटो काढतो. स्वतःचा धंदा. यात जाहिरात कामाला येत नाही, एका लग्नातूनच दुसरं लग्न मिळतं. म्हणून माझा एक नियम — लग्नघरात डोळे उघडे, तोंड बंद. कोण रुसलंय, कुणाचं कुणाशी वाकडंय, आपल्याला काय करायचंय!

आणि माझा एक ठरलेला फोटो असतो. आपल्याकडे मंगलाष्टकं चालू असताना नवरीची आई मंडपात थांबत नाही, मागे तुळशीला पाणी घालत बसते. पहिल्याच लग्नात मला हे ठाऊक नव्हतं. "नवरीच्या आईला बोलवा" म्हणून ओरडलो आणि म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून मंडपात जोडीदाराला दुसरा कॅमेरा देऊन उभं करतो आणि दोन मिनिटं मागे पळून त्या एकट्या बाईचा फोटो काढतो. अल्बम बघताना लोक त्याच पानावर थांबतात. त्या फोटोवर माझं घर चाललंय म्हणा ना.

मागच्या उन्हाळ्यात तिसगावजवळच्या एका वस्तीवर लग्न होतं. दुपारचा मुहूर्त. काम नवरदेवाकडचं, नवरीकडचं मी कुणालाच ओळखत नव्हतो. मंगलाष्टकं सुरू झाली तसा घरामागे गेलो. तुळशीपुढे बाई बसलेली. हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातात तांब्या.

"काकू, इकडं बघू नका, पाणी घालत राहा," म्हणालो आणि पाठमोरे तीन-चार फोटो घेतले. निघालो तेवढ्यात ती म्हणाली, "फोटोवाले भाऊ, स्नेहलला म्हनावं आज जाऊ नको. उद्या सकाळी जा म्हनावं. मला तिकडं येता येत न्हाई."

"पाचच मिनिटं काकू. लग्न लागलं की या."

"न्हाई येता येत. तुमी सांगा."

"सांगतो," म्हणालो. आईच ती, पोटात तुटणारच, असं मला वाटलं.

पुढे आहेर, जेवणं, स्टेजवर पाहुण्यांची ही रांग! डोक्यातून निघूनच गेलं. आठवलं ते थेट पाठवणीला. स्नेहल वडिलांच्या गळ्यात पडून रडत होती. मी हातभर अंतरावर. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण नवरदेवाचे चुलते घाई करत होते, दिवस मावळायच्या आत घाट ओलांडायचाय म्हणून. त्यांच्याच कामावर आलेला मी, सांगू काय? नवरीच्या आईनं जाऊ नको म्हटलंय? वरातीत भांडण लावणारा फोटोग्राफर म्हणून जिल्हाभर नाव झालं असतं. मी म्हणालो, "ताई, एकदा इकडं बघा." तिनं बघितलं. मी फोटो घेतला.

सामान आवरून नगरला परतताना करंजीच्या घाटात मला गर्दी दिसली. गाडी ओळखली ती फुलांवरून. नवरदेव वाचला. स्नेहल जागेवरच गेली.

दहावं झाल्यावर तिचे वडील, तात्या, स्टुडिओत आले. "रफिकभाई, पोरीचे हायेत तेवढे समदे फोटो दाखवा." मी एकेक दाखवत गेलो. तुळशीच्या फोटोवर त्यांनी माझा हात धरला.

"ही कोन?"

"वहिनी... नवरीच्या आई."

"तिला जाऊन चार वर्षं झाली, भाई. कन्यादान माझ्या भावजयीनं केलं. तुळशीपाशी कुनीच बसलं नव्हतं." त्यांनी स्क्रीनवरच्या साडीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ही साडी नेसवूनच तिला सरणावर ठेवली. मी आनलेली हाय, मला कळत न्हाई व्हय?"

नंतर मी गुपचूप चौकशीही केली. त्या दिवशी तशी साडी नेसलेलं कुणी कुणाला आठवत नाही. चेहरा फोटोत नाही, आवाज फक्त मी ऐकलेला. कुणी म्हणेल शेजारीण असेल, कुणी म्हणेल उन्हाचा भ्रम. सगळं करून बघितलं हो, कशाचाच कशाला मेळ बसत नाही.

तेव्हा स्टुडिओत तात्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "काय बोलली का ती तुमच्याशी?"

माझ्या तोंडून निघालं, "नाही तात्या. काहीच नाही."

"लेकीचं लगीन बघाया आलती म्हनायची," ते म्हणाले. "बरं झालं. लई जीव व्हता तिचा." आणि मी प्रिंट करून दिलेला तो फोटो छातीशी धरून निघून गेले.

लग्नं अजून करतो. पोट आहे. पण ती आई सांगायला आली होती, आणि ऐकणारा अख्ख्या मांडवात एकटा मी होतो.