मोहरीची उशी

पाठीवर सॅक टाकून तीन दिवस चालायला निघाले तेव्हा मी टॉर्च घेतला, गुडघ्याचा पट्टा घेतला, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि मैत्रिणीला दिसू नये म्हणून अगदी तळाशी वीतभर लांबीची मोहरीची उशी कोंबली. डोक्याखाली घ्यायची खरी उशी मात्र नगरला पलंगावरच राहिली. ही तळातली उशी कशाला घेतली होती, ते मला विचारू नका. मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

ती उशी मी नातवासाठी शिवली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. म्हणून मी दोन महिने आधीच डिंक, खारीक, अळीव आणून ठेवले, मऊ लुगड्याची दुपटी शिवली आणि मोहरी निवडून ही उशी भरली. तान्ह्या बाळाचं डोकं हिच्यावर गोल होतं. लेकीने पुण्यातच बाळंत व्हायचं ठरवलं. बाळ झालं, मी दवाखान्यात जाऊन पाहून आले आणि घरी पोहोचते तोच तिचा फोन.

"आई, डॉक्टर म्हणतात बाळाला उशी द्यायचीच नाही. आणि तू आता बारशालाच ये गं, इथे मावशी ठेवल्यात. सगळं मॅनेज होतंय."

"तुझं डोकं गोल आहे ते कशामुळे?" मी विचारलं.

"आई, प्लीज."

आता यावर माणसाने काय समजायचं? उशी नको, की मी नको? बारा दिवस घरात येरझाऱ्या घालून मी वेडी झाले असते. ऑफिसातली जुनी मैत्रीण अकोले तालुक्यात डोंगरातल्या गावांतून पायी फिरायला निघाली होती. मी रागारागात लेकीची कॉलेजातली सॅक माळ्यावरून काढली आणि मैत्रिणीबरोबर निघाले. राग कुणावर होता, तेही नीट कळत नव्हतं.

पहिल्या मुक्कामी उशीचा प्रश्न उभा राहिला. मला उशीशिवाय झोप म्हणून लागत नाही. दोन ड्रेस प्लास्टिकच्या पिशवीत भरून डोक्याखाली घेतले, तर पिशवी कुशीगणिक चुरचुरायची आणि सटकायची. बूट टॉवेलात गुंडाळून घ्यायला गेले, तर मैत्रीण म्हणाली, "अगं, पायातलं डोक्याखाली घेतेस?" सकाळी मान अशी धरली की शेजारून बैल गेला तरी मला सगळं अंग वळवून पाहावं लागत होतं.

दुसऱ्या मुक्कामाला भातशेती करणाऱ्या एका घरी ओसरीवर जागा मिळाली. भाताची झोडणी होऊन गेली होती, खळ्याच्या कडेला पेंढा रचलेला होता. मी सॅकमधला जादा परकर काढला, एका टोकाची नाडी आवळली, आत ठासून पेंढा भरला आणि दुसरं टोक सुतळीने बांधलं. गुबगुबीत लोड झाला. घरातली मालकीण माझ्याच वयाची होती, ती तोंडाला पदर लावून हसत होती. पण पेंढा कानात टोचायला लागला, मानेला खाज सुटली. शेवटी निमूटपणे सॅकच्या तळात हात घातला. मोहरीची उशी मानेखाली, तिच्याभोवती स्वेटर. मोहरी हळूहळू सरकली आणि मानेच्या बाकात नेमकी बसली. इतकं सुख झालं की मला रडू आलं, आणि ते सुखाचंच होतं का, हेही समजलं नाही.

सकाळी मालकीण चहा घेऊन आली आणि उशी पाहून थबकली.

"ही तर तान्ह्या पोराची उशी हाय!"

"हो."

"मग पोर कुठंय?"

"पुण्याला."

"किती दिसांचं?"

"नऊ."

"पोर तिकडं, उशी हितं. आन् तुमी बी हितंच?"

मी सांगायला लागले. डॉक्टर काय म्हणाले, लेक काय म्हणाली, मावशी कशी ठेवलीय. सांगता सांगता माझंच मला पटेना.

"माझी लेक बी म्हनली हुती, नको येऊ," ती म्हणाली. "म्हनून मी न्हाई गेले. सात वर्सं झाली, आजून उकरून काढती ती."

मैत्रिणीने कपाळाला हात लावला. "जा बाई एकदाची. मी फिरते माझी माझी." मी परकरातला पेंढा खळ्यावर रिकामा केला आणि राजूरची गाडी पकडली. संगमनेरला पुण्याची एसटी मिळाली. वाटभर एकच धास्ती होती: तिने दारातच "आई, सांगितलं होतं ना?" म्हटलं तर?

लेकीने दार उघडलं. केस विंचरलेले नव्हते, गाऊनवर दुधाचे डाग. ती माझ्याकडे पाहतच राहिली.

"मावशी सोडून गेल्या, तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"मग?"

मी वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. माझ्या केसात अजून पेंढ्याची काडी होती, ती तिने काढली. आत बाळ सपाट गादीवर, उशीबिशी काही नसताना, गाढ झोपलं होतं. पाणी प्यायला मी सॅक उघडली तर बाटलीबरोबर उशीच बाहेर आली. "बाळासाठी नाही हं," मी घाईने म्हणाले, "माझी आहे, प्रवासातली." तिने ती घेतली, दाबून पाहिली, म्हणाली, "पाच मिनिटं पडते," आणि मानेखाली घेऊन बाळाशेजारी आडवी झाली.

पाच मिनिटांची संध्याकाळ झाली. मधे बाळ कुरकुरलं, मी त्याला मांडीवर घेतलं. लेक एकाच कुशीवर झोपली होती. मी हळूच तिचं डोकं दुसऱ्या बाजूला वळवलं. एकोणतीस वर्षांपूर्वी, असल्याच उशीवर, एका बाजूने चपटं होऊ नये म्हणून वळवायचे तसं.