दिवसातून एकदा येणारी आई

ताई गेल्याचा फोन भाच्याने केला, भर दुपारी. मी रडले नाही. आधी खाली बसले... शेवटच्या आजारपणाने आम्हा सगळ्यांनाच दमवलं होतं आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं, सुटल्या बाई. दुःख नंतर आलं, सवडीने, आणि महिना उलटला तरी जायचं नाव घेत नाही.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून त्यांनी नोएडात फ्लॅट घेतला, तेव्हा आजूबाजूला धूळ आणि अर्धवट इमारतीच होत्या. मागोमाग आम्हीही सासूबाईंना घेऊन त्यांच्याच वरच्या मजल्यावर आलो. मी एका प्रायव्हेट कंपनीत होते. मुलगी तीन महिन्यांची झाली, रजा संपत आली आणि सासूबाईंचा चेहरा बघून नोकरी सोडायचं मी जवळजवळ पक्कं केलं होतं.

त्याच आठवड्यात ताईंच्या बाल्कनीतली गोरी, म्हणजे त्यांची सशाची मादी, व्याली. पहिलटकरीण ती, उघड्या फरशीवर पिल्लं टाकून मोकळी झाली. ताईंनी एकेक गारठलेलं पिल्लू तळहातांत धरून ऊब दिली, सफरचंदाच्या रिकाम्या पेटीत वाळलं गवत पसरलं. मी कापूस आणला तर म्हणाल्या, "नको, पिल्लांच्या पायांना गुंडाळतो." मग गोरीला मांडीवर घेऊन तिच्या पोटावरचे सुटे झालेले केस हलक्या हाताने काढले आणि पिल्लांचं अंथरूण केलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पाळतीवर बसल्या. गोरी पेटीकडे फिरकेना. "कसली आई ही! पिल्लं टाकून खुशाल हिंडतेय," त्या म्हणाल्या, तेही माझ्याकडे बघून. लेकी बोले सुने लागे, फक्त इथे लेक बिचारी ससा होती. मग त्या वाटीत गाईचं दूध आणि ड्रॉपर घेऊन आल्या.

"आई, ते आधी खाली ठेव," ताई म्हणाल्या. "क्वार्टरमध्ये मीही असंच पाजलं होतं. सगळी गेली." त्यांनी एक पिल्लू उचलून दाखवलं. पातळ कातडीखाली दुधाने भरलेलं पोट पांढरं दिसत होतं. "बघ, पहाटे पाजून गेलीय. ती दिवसातून एखाद्या वेळीच येते. सारखी जवळ बसली तर मांजराला पत्ता लागेल. लांब राहते ती पिल्लांसाठीच."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. ताई माझ्याकडे वळल्या. "नीलू, सोमवारी ऑफिसची चार्टर्ड बस पकड. पोरगी माझ्याकडे. चलो, विषय संपला."

पिल्लं जगली, माझी नोकरीही टिकली. मुलगी शाळेत जाईपर्यंत ताईंच्याच घरात वाढली. स्वतःची दोन मुलं, आल्यागेल्याचा स्वयंपाक आणि वर माझी लेक... दमलात का विचारलं की "छे गं!" म्हणायच्या.

परवा तीच लेक गुडगावहून आली, कडेवर बाळ. तिचीही रजा संपत आलीय. ताईंच्या खोलीत उभी राहून म्हणाली, "आत्या असती तर विचारलं असतं यार... आता कुणाला विचारू?"

"मी आहे ना. बाळाला आण इकडे," मी म्हटलं.

"तुला झेपेल?"

"छे गं!" बोलून तर गेले. ती वर आमच्या घरी गेल्यावर दार लोटून ताईंच्या पलंगावर आडवी झाले आणि मग मात्र रडू आलं. केवढ्या दमत असतील ताई.