धरहऱ्यावरचे ढुंढिराज

दूधविनायकच्या गल्लीतले ढुंढिराजभट दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंना काशी दाखवत. आवाज खणखणीत, बोलणं रुबाबदार. घाटावर कुणी यात्रेकरूला नाडलं, तर ते थेट भांडायला उभे राहत. गल्लीत सगळे त्यांना धीट समजत. उंचावर गेलं की त्यांचे पाय लटपटतात, हे फक्त त्यांच्या बायकोला, बकुळकाकूंना ठाऊक होतं.

इंग्रजी अमलातला तो काळ. पंचगंगा घाटावरच्या मशिदीच्या उंच मिनाराला लोक धरहरा म्हणत आणि हौसेने त्यावर चढत. ढुंढिराज यात्रेकरूंना वर पाठवून स्वतः खाली त्यांचे जोडे सांभाळत बसायचे. "गुडघा धरलाय," हे ठरलेलं उत्तर. वीस वर्षं तो गुडघा धरलेलाच होता.

एका वैशाखात साताऱ्याच्या सीताबाई आल्या. साठीच्या बाई, मुलगा काशीनाथ तापाने बिऱ्हाडी पडलेला.

"वरून सगळी काशी दिसते म्हणे. तुम्ही येता ना, भटजी?"

"गुडघा धरलाय हो. जा तुम्ही, भिण्यासारखं काही नाही."

त्या वर गेल्या आणि थोड्या वेळाने वारा उठला. गंगेपलीकडची वाळू उडू लागली. वरून दोन माणसं घाईघाईने उतरली. "ऊपर एक माईजी बैठी रो रही हैं, उतरती ही नहीं," एवढं सांगून ती निघूनही गेली.

राखणदार म्हातारा दम्याने बेजार. तो ढुंढिराजांकडे बघून म्हणाला, "आप ही के साथ आई थीं, पंडितजी."

काशीनाथला बोलवावं म्हणून ढुंढिराज गल्लीकडे वळले, चार पावलं गेलेही. पण तापाने फणफणलेला माणूस चढणार कसा? तेवढ्यात वरून बारीक हाक आली, "भटजी!"

ते मागे फिरले.

आत काळोख, अरुंद गोल जिना, वटवाघळांचा दर्प. भिंतीतल्या झरोक्यातून उजेड आला की ते डोळे मिटून घेत. अर्ध्यावर त्यांना ओकारी आली. पुढचा जिना ते रांगतच चढले.

वरच्या दारातून वारा असा आत घुसत होता की मिनार हलतोय असंच वाटत होतं. सीताबाई पलीकडच्या खांबाला मिठी मारून, डोळे मिटून बसल्या होत्या. ढुंढिराजांना उंबरठा ओलांडवेना. ते तिथेच पालथे पडले.

"सीताबाई, इकडे सरका."

"माझ्याने हलवत नाही. तुम्हीच या. तुम्हाला कसली आलीय भीती!"

"मला भीती वाटते हो," ढुंढिराज ओरडले. "गुडघा धडधाकट आहे माझा. खोटं बोललो मी. आत्ता उभंसुद्धा राहवत नाहीये."

सीताबाईंनी डोळे उघडले. "मग आलात कशाला?"

"मीच पाठवलं ना तुम्हाला."

त्यांनी उपरण्याचं टोक पुढे फेकलं. ते धरून सीताबाई इंच इंच सरकत दारापर्यंत आल्या. मग दोघं बसूनच एकेक पायरी उतरले, ढुंढिराज खाली, बाई वर. दोघांचे दात वाजत होते. मधेच बाई थांबल्या की ढुंढिराजही थांबत, आणि कोण कुणाला धीर देतंय ते कळत नसे.

खाली पोचले तेव्हा ढुंढिराजांचं धोतर ओलं झालेलं होतं. राखणदाराने ते पाहिलं आणि पाण्याची बादली त्यांच्यापुढे ठेवून पाठ फिरवली.

गोष्ट गल्लीत पसरली. काही जण हसले. त्यानंतर ढुंढिराज यात्रेकरूंना आधीच सांगून टाकत, "मला वर फार भीती वाटते. पण तुम्ही जाणार असाल तर मी पुढे चालतो."

आणि ते खरंच चढत. भीती कधीच कमी झाली नाही. बकुळकाकू सांगायच्या, धरहऱ्याला जायचं असलं की सकाळपासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. एखादा यात्रेकरू त्यांचा पांढराफटक चेहरा बघून म्हणे, "राहू द्या भटजी, खालूनच बघू काशी." त्या दिवशी ढुंढिराज घरी येऊन दोन पोळ्या जास्त खात.