नवा क्वार्टरबॅक घ्यावा की थांबावं

दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर एकच विषय होता. अटलांटाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने कॉलेजमधून नुकताच बाहेर पडणारा क्वार्टरबॅक घ्यावा, की एक वर्ष थांबावं?

अल्फारेटा या आमच्या उपनगरातल्या इतर मराठी घरांत तेव्हा क्रिकेट, ग्रीन कार्ड आणि घरांच्या उतरत्या किमती यांवर बोलणं चालायचं. आमच्याकडे फुटबॉल आला तो माझ्यामुळे. लग्न होऊन मी थेट स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावात उतरले. नवरा तिथे पीएच.डी. करत होता आणि माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. शनिवारी सामना असला की त्या गावात दुसरं काही होतच नसे. बसचे मार्ग बदलत, दुकानं ओस पडत, आणि आमच्या खालच्या मजल्यावरची विद्यार्थी मंडळी टीव्ही लावून आरडाओरडा करत. वरती एकटी बसून तो ऐकण्यापेक्षा मी खाली जाऊन बसले. दुसऱ्या मोसमात मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होते. मुलगी तिथेच झाली, आणि पाळण्यातच हे सगळं ऐकत वाढली.

ती मुलगी आता बावीस वर्षांची होती. कॉलेज संपवून एका छोट्या स्पोर्ट्‌स रेडिओवर फोन उचलायचं काम करत होती. कार्यक्रमात लोक फोन करून मतं मांडतात. त्यांचं नाव-गाव विचारायचं, बरळणारे गाळायचे, बाकीचे आत सोडायचे. पगार नावाला. त्याच वेळी एका विमा कंपनीने तिला चांगली नोकरी देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. इकडे रेडिओवर दुपारच्या कार्यक्रमातला दुसरा निवेदक सोडून चालला होता. मॅनेजर तिला म्हणाला, ड्राफ्टच्या आठवड्यात गुरुवारी तासभर माइकवर बसून बघ, मग ठरवू.

म्हणजे गुरुवारी परीक्षा आणि सोमवारी निकाल. मधे फक्त तीन दिवस, आणि त्यातल्या शनिवार-रविवारी ड्राफ्ट.

ड्राफ्ट म्हणजे काय, हे मी आमच्या मैत्रिणींना नेहमी एकाच प्रकारे सांगते. मागच्या वर्षी ज्या संघाचे सर्वांत जास्त हाल झाले, त्याला कॉलेजच्या मुलांतून पहिली निवड करता येते, मग त्याच्या वरच्याला, असं क्रमाने. त्याआधी महिनोन्‌महिने मुलांची उंची मोजतात, वजन करतात, तळहाताची रुंदीसुद्धा मोजतात. घरचे कसे आहेत, स्वभाव कसा आहे, पूर्वी कुठे काही भानगड झाली होती का, याच्या चौकश्या करतात. थोडक्यात, स्थळ बघतात. क्वार्टरबॅक हे त्यातलं सर्वांत महागडं स्थळ. चेंडू कुणाकडे जाणार हे तोच ठरवतो. तो चुकला की सगळा संघ चुकतो.

आमच्या संघाला बरा क्वार्टरबॅक नव्हता आणि मागचा मोसम अगदीच वाईट गेला होता. मुलीचं म्हणणं, आत्ताच घ्या आणि पहिल्या सामन्यापासून खेळवा. माझं म्हणणं, आधी त्याच्यापुढे उभे राहणारे धिप्पाड गडी घ्या, नाहीतर पोरगं पहिल्या महिन्यात चेंगरून जाईल.

हे मत मी हवेतून काढलं नव्हतं. मी शाळांच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळते. नवीन ड्रायव्हर आला की तो पहिले काही आठवडे जुन्या ड्रायव्हरमागच्या सीटवर बसून फिरतो. वळणं बघतो, कुठलं मूल कुठल्या स्टॉपवर रडतं ते बघतो. मगच चावी हातात. आम्ही बटाटे वाहत नाही, मुलं नेतो.

"आई, पण तुझ्याकडे जुना ड्रायव्हर आहे ना," मुलगी म्हणाली. "दे डोन्ट हॅव वन! बस उभी आहे, मुलं स्टॉपवर उभी आहेत, आणि तू म्हणतेस थांबा."

मी म्हटलं, "भाजी घे."

नवरा संख्याशास्त्र शिकवतो. तो म्हणाला, "दोन्ही बाजूंत तथ्य आहे."

"बाबा, असं रेडिओवर बोलले तर लोक स्टेशन बदलतील."

आम्ही दोघी फक्त क्वार्टरबॅकबद्दल बोलत नव्हतो, हे दोघींनाही कळत होतं. विम्याची नोकरी घे, रेडिओ शनिवार-रविवारी कर, वर्षभराने बघू, हे मी तिला एकदा स्पष्ट सांगितलं होतं. एकच गोष्ट दोनदा सांगायची मला सवय नाही. पण बसगाड्यांचं उदाहरण मी त्या आठवड्यात जरा जास्तच वेळा दिलं.

त्यात गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मराठी मंडळात सगळ्यांना बातमी लागली होती. शाळेच्या कॅफेटेरियात श्रीखंड-पुरीच्या रांगेत आमचे अध्यक्षकाका तिला म्हणाले, "काय पोरी, ऐकून राहिलो तू रेडिओवर येणार म्हणे. त्या लांबट चेंडूवर काय बोलतेस? क्रिकेटवर बोल, आम्हीपण ऐकू."

"काका, क्रिकेटवर बोलले तर फक्त तुम्हीच ऐकाल."

आजूबाजूचे हसले. काकाही हसले, पण त्यांनी विषय सोडला नाही. नागपूरचा हा माणूस मनाने मोठा, कुणाच्याही अडचणीला पहिला धावणारा. पण एकदा हातात माइक आला की त्यांना थांबवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. त्या दिवशीही त्यांच्या प्रास्ताविकापायी लहान मुलांची नाटुकली निम्मी कापावी लागली.

गुरुवारी दुपारी बसगाड्या शाळांकडे सुटल्यावर मला थोडी सवड असते. मी आवारात माझ्या गाडीत बसले, काचा वर केल्या आणि रेडिओ लावला.

मुख्य निवेदक हा जुना, घोगऱ्या आवाजाचा माणूस. त्याने तिची ओळख "आमची फोन उचलणारी मुलगी" अशी करून दिली आणि लगेच प्रश्न टाकला. पहिली दोन वाक्यं ती घाईत बोलली. तिसऱ्यापासून आवाज खाली आला, नेहमीचा झाला. मला एवढंच हवं होतं. पुढचं ती बघेल.

मग फोन सुरू झाले. पहिल्या बाई म्हणाल्या, "सर्वप्रथम मी या तरुण निवेदिकेचं मनापासून अभिनंदन करते. विषयाची मांडणी अत्यंत ओघवती होती." बोलल्या इंग्रजीत, पण वाक्य मंडळाच्या आभारप्रदर्शनातलं होतं. आवाज मी ओळखला. पुण्याच्या आहेत, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांना क्वार्टरबॅकबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं.

दुसऱ्या गृहस्थांनी स्वतःचं अगदी अमेरिकन नाव सांगितलं. गणपतीच्या आरतीत सगळ्यांच्या वरचा सूर लावतो तो हाच आवाज. "नव्या ओपनरला संधी दिलीच पाहिजे," ते म्हणाले.

"ओपनर?" निवेदकाने विचारलं.

तिसऱ्या फोनवर पुन्हा आपलाच माणूस निघाला तेव्हा निवेदक खदखदून हसला. "शहरात आज कुठलं अधिवेशन आहे का?"

मी नवऱ्याला फोन लावला. "अहो, तुम्ही काही केलंत का?"

"फार काही नाही. मंडळाच्या ग्रुपवर एक मेल टाकली."

"काय लिहिलंत?"

"की सगळ्यांनी फोन करा. प्रतिसाद चांगला आहे ना?"

मंडळाचं नाटक असलं की सभागृह भरलेलं दिसावं म्हणून आपण एकमेकांना फोन करून बोलावतो. आपल्याकडे ही मदत समजतात. रेडिओवर हिला पेरलेले फोन म्हणतात. असलेच फोन गाळायचं काम माझी मुलगी वर्षभर करत होती, आणि आज तिच्याच जागी बसलेल्या नव्या पोराने सगळे आत सोडले होते. मॅनेजर काचेपलीकडून ऐकत असणार. मला वाटलं, संपलं. सोमवारी विमा.

मग रेडिओवर ती म्हणाली, सरळ, हसत: "मला एक कबूल करायचं आहे. हे सगळे माझे काका आणि मावश्या आहेत. माझ्या वडिलांनी मेल पाठवलेली दिसते. त्यांना या खेळातलं काही कळत नाही, पण मत प्रत्येकाला आहे. म्हणजे ते अगदी तुमच्यासारखेच आहेत, श्रोतेहो. आता जे माझे नातेवाईक नाहीत त्यांनी फोन करा आणि मी कशी चुकते आहे ते सांगा."

निवेदकाला हसू आवरेना. पुढचे फोन खरे होते. जॉर्जियातले अस्सल, चिडलेले, ठसकेबाज. एकाने तिला विचारलं, तू स्वतः कधी फुटबॉल खेळलीस का? ती म्हणाली, "नाही. तुम्ही?" तो म्हणाला, शाळेत. ती म्हणाली, "मग तुमच्या शाळेने क्वार्टरबॅक कसा निवडला होता? एक वर्ष थांबून?" त्याने फोन ठेवला नाही. बराच वेळ वाद घातला, आणि शेवटी म्हणाला, पोरगी बोलते बरी, पण चूक आहे.

मी गाडीत बसून स्टिअरिंगवर हात आपटला. या माणसाने माझंच म्हणणं मांडलं होतं, आधी गडी घ्या वगैरे, आणि तिने त्याचे तुकडे केले होते. "सगळे म्हणतात थांबा," ती म्हणाली. "थांबायचं कशासाठी, ते कुणीच सांगत नाही. पुढच्या वर्षी याहून चांगला मुलगा मिळेल, असं कुणी लिहून दिलंय का?" आपल्याच मताचे तुकडे होताना इतका आनंद होतो, हे मला माहीत नव्हतं.

तास संपत आला तेव्हा अध्यक्षकाकांचा फोन लागला. त्यांनी नाव लपवलं नाही, त्यांना ते जमलंच नसतं. त्यांनी स्वतःची ओळख करून दिली, मंडळाची करून दिली, मग निवडीच्या तत्त्वज्ञानाकडे वळले. नवा फलंदाज, हिरवी खेळपट्टी, संयम. निवेदकाने दोनदा मधे बोलायचा प्रयत्न केला. काका थांबले नाहीत. मला त्या बापड्या निवेदकाची कीव आली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

"काका," माझी मुलगी म्हणाली, मराठीत, अटलांटाच्या रेडिओवर. "काका, थांबा. आता मी बोलते."

आणि काका थांबले!

मग इंग्रजीत तिने त्यांना विचारलं, "तुम्ही या देशात आलात तेव्हा तुम्हाला पहिल्या दिवशी काम दिलं, की वर्षभर बाकावर बसवलं?"

"पहिल्याच दिवशी, पोरी. कंपनीत सगळं बंद पडलं होतं तिथे."

"थँक यू, काका. ब्रेकनंतर परत येऊ." आणि टायरच्या दुकानाची जाहिरात सुरू झाली.

पंधरा वर्षांत मंडळाच्या एकाही कार्यकारिणीला जे जमलं नाही, ते तिने दोन वाक्यांत केलं. मी गाडीतून उतरले. आवारात फेरी संपवून परतलेली आमची एक जुनी ड्रायव्हर उभी होती. तिने विचारलं, काय झालं, चेहरा असा का? मी म्हटलं, "माझी मुलगी रेडिओवर आहे." एवढंच बोलले. आवाज जरा मोठा निघाला असावा, कारण पलीकडच्या दोन बसमधूनही माना बाहेर आल्या.

संध्याकाळी ती घरी आली ती फार बोलत नव्हती. नवरा कोपऱ्यात शिक्षा झालेल्या मुलासारखा बसला होता. "बाबा, नेक्स्ट टाइम मला सीसी करा," एवढंच ती त्याला म्हणाली. मग तिने सांगितलं. मॅनेजरला कार्यक्रम आवडला. पण तो म्हणाला, तू अजून नवीन आहेस. एक वर्ष फोनवर राहा, अनुभव घे, मग बघू.

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, कशासाठी थांबायचं ते सांगा. जागा आत्ता रिकामी आहे. दुसरा कुणी तुमच्याकडे आहे का?"

"आणि?"

"शनिवार सकाळ देतो म्हणाला. ऑगस्टपासून. दोन तास, एकटीने. जमलं तर दुपारचा कार्यक्रम."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नाही जमलं, आई."

मी तिच्याकडे बघितलं. विम्याची नोकरी बरी होती. औषधपाण्याची सोय होती, खुर्ची होती, नाव होतं. माझं मत मी बदललं नव्हतं. नवीन ड्रायव्हर मी आजही मागच्या सीटवर बसवते. पण ही मागच्या सीटवर वर्षभर बसून झालेली होती. फोनवर काय बोलतात, कुणाला गाळायचं, कुणाला आत घ्यायचं, हे सगळं ती तिथेच शिकली होती. हिशेब माझाच चुकला होता. मी तिला नवीन धरत होते.

"विमावाल्यांना सोमवारपर्यंत कशाला ताटकळत ठेवतेस?" मी म्हटलं. "उद्या सकाळीच कळवून टाक. नीट बोल, आभार मान."

तिने शुक्रवारी सकाळी कळवलं. मी बाजूच्या खोलीत होते. नीट बोलली.

शनिवारी संघाने क्वार्टरबॅक घेतला. तो पहिल्या सामन्यापासून खेळला, आणि त्याने पहिलाच चेंडू असा टाकला की मी सोफ्यावरून उठले. संघाच्या मालकांनी एका छोट्या रेडिओवरचं ऐकून निर्णय घेतला नव्हता, हे मला माहीत आहे. पण मंडळात अध्यक्षकाका अजूनही लोकांना सांगतात की आपल्या पोरीने सांगितलं आणि त्यांनी घेतला. मी शेजारीच उभी असते. मी मान डोलावते.