पाहुण्याच्या गळ्यातले उपरणे

ते प्रकरण ठाण्याच्या दप्तरात एका ओळीत मिटले. मला मात्र ते आजही आठवते, आणि आठवले की घरच्या माणसांसमोरही अवघडल्यासारखे होते. चीनमधल्या एका कारखानदाराची सुटका आमच्या तालुक्यातल्या एका डाळमिल मालकाच्या दोन-चार वाक्यांवर अडली होती. ती वाक्ये खरी होती आणि गावातल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. प्रश्न फक्त ती कोणी बोलायची, एवढाच होता. नावे मी कोणाचीच देणार नाही.

बीदर जिल्ह्याच्या सीमेवरचे ते ठाणे. तिथे फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते, भांडण मराठीत होते आणि मिटवामिटवी दखनी उर्दूत. मी निरीक्षक म्हणून तिथे नव्यानेच रुजू झालो होतो. सकाळची हजेरी आटोपून गस्तीचे बीट वाटून देत असताना डाळमिलचे मालक आले. सगळे त्यांना अप्पा म्हणत. सोबत व्यापारी संघटनेचे दोघे होते. अप्पांच्या गळ्यात पक्षाचे उपरणे होते. त्यांना उमेदवारी मिळणार, अशी चर्चा होती. मी नोकरीला लागलो तेव्हा पुढारी व्यापाऱ्यांकडे वर्गणी मागायला जात. माझी नोकरी संपत आली तोवर व्यापारीच पुढारी झाले होते.

"साहेब, देशाचं काम घेऊन आलोय," अप्पा म्हणाले. "त्यो चीनहून डॉक्टर होऊन आलेला पोरगा हाय बघा. रोज चिनी भाषेत फोनवर बोलायलाय. इथली सगळी माहिती तिकडं द्यायलाय. हेर हाय त्यो."

"लेखी द्या," मी म्हणालो.

"लेखी कामून? मी काय माझ्यासाठी बोलायलोय? तुम्ही त्याचा फोन ताब्यात घ्या. फोनमधीच सगळं हाय."

उठताना त्यांनी फोनचे पुन्हा सांगितले. माहिती देणारा एकाच वस्तूकडे दोनदा बोट दाखवू लागला की मी आधी त्याच्याकडे बघतो. तरी माहिती गंभीर होती. जिल्ह्याच्या विशेष शाखेला कळवणे भाग होते आणि ते मी कळवले.

अप्पा गेल्यावर आमचे हवालदार हसले. ते औरादकडचे, वयाने माझ्याएवढे. ठाण्यात त्यांना अण्णा म्हणत.

"साहेब, तुम्ही यायच्या आधीची गोष्ट हाय," ते म्हणाले. "अप्पांनी तूरडाळ निवडायची चिनी मशीन घेतली. ती बसवायला खुद्द कारखान्याचा मालक आला. अप्पांच्याच घरी राहिला. दुभाषी म्हणून ह्याच डॉक्टरला नेलं होतं. मग सत्कार केला. फेटा बांधला, हार घातला आणि पक्षाच्या तालुका पुढाऱ्यानं पाहुण्याच्या गळ्यात पक्षाचं उपरणं टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यानं बी वाजवल्या. बिचाऱ्याला काय कळतंय?"

त्या सत्काराचा फोटो अप्पांच्या माणसांनी सगळीकडे पाठवला होता. अण्णांनी तो मला दाखवला. खाली गमतीने लिहिले होते, 'चिनी शेठचा पक्षप्रवेश'. अप्पा पुढे महिनाभर प्रत्येक सभेत सांगत फिरले, की तिकडे एकच पक्ष आहे, त्या पक्षाने कारखानदारांना आत घेतले, माझा दोस्त तिथला लोकप्रतिनिधी आहे, म्हणून ते पुढे गेले. आपल्या तालुक्यातही एकच पक्ष ठेवा, मग बघा.

दुपारी डॉक्टरला चौकशीची नोटीस दिली. तो तासाभरात स्वतः आला. तिशी ओलांडलेला, बौद्ध कुटुंबातला. वडील बांधकामावर मिस्त्री होते. ते मुलासोबत आले, पण ठाण्याच्या आवारात यायला तयार होईनात. रस्त्यापलीकडच्या टपरीजवळ पाठ करून उभे राहिले. ठाण्याच्या दारात ओळखीच्या कोणी बघू नये म्हणून असे उभे राहिलेले पुष्कळ बाप मी पाहिले आहेत.

"चीनमध्ये कोणाशी बोलता?" मी विचारले.

"मशीनवाल्याच्या बायकोशी."

"कशाबद्दल?"

"साहेब, तुम्हीच वाचा." त्याने फोन उघडून टेबलावर ठेवला.

पडद्यावर एकही अक्षर ओळखीचे नव्हते. अण्णांनी स्वतःच्या फोनमधल्या भाषांतराच्या सोयीवर तो मजकूर टाकला. 'पक्ष', 'गळा', 'मोठा भाऊ', 'कापड', 'तोंड उघडा', असे तुटक शब्द निघाले.

"गळा म्हणायलंय साहेब," अण्णा म्हणाले. "मर्डर हाय का काय?"

डॉक्टर हसला नाही. "अख्ख्या जिल्ह्यात ही भाषा वाचणारा मी एकटाच हाव," तो म्हणाला. "संशयित बी मीच आणि दुभाषी बी मीच. घ्या लिहून."

विशेष शाखेने नंतर बेंगळुरूहून अधिकृत भाषांतर मागवले. ते त्याच्या सांगण्याशी जुळले. पण त्या दुपारी आमच्याकडे तोच होता. मी त्याला एकेक संदेश मोठ्याने वाचायला लावला. ठाणे लेखनिक लिहीत होता.

कारखानदाराची बायको लिहीत होती, की नवऱ्याला तिथल्या पक्षाच्या माणसांनी चौकशीला नेले आहे. कुठे ठेवले आहे ते ठाऊक नाही. त्यांच्याकडे भारतातला एक फोटो पोहोचला आहे. पक्षाचा सभासद आणि लोकप्रतिनिधी असताना परदेशात जाऊन दुसऱ्या राजकीय पक्षात प्रवेश केला, असा त्याच्यावर ठपका आहे. त्यापुढचे सगळे संदेश एकाच मागणीचे होते. मोठ्या भावाला सांगा, कॅमेऱ्यासमोर तोंड उघडून सांगा, की हे कापड तुमच्याकडे कोणाच्याही गळ्यात घालतात, त्याला काही अर्थ नसतो. मोठा भाऊ म्हणजे अप्पा.

पुढे पुढे तिचे संदेश फार खासगी झाले. मुलगी शाळेत जायला नाही म्हणते. सासूला अजून सांगितलेले नाही. डॉक्टर वाचत होता, लेखनिकाचे पेन थांबले होते आणि मी त्याला लिही असेही म्हणत नव्हतो. कोणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखे वाटत होते. वाचन थांबवायला मी हात वर केला.

"अप्पांना सांगितलंत?" मी विचारले.

"रोज सांगायलोय. आधी म्हणाले बघू. मग फोन उचलायचं बंद केलं. काल मिलीत गेलो, तर म्हणाले, ज्या पक्षाचं तिकीट मागायलोय त्याच्याच उपरण्याला अर्थ न्हाई म्हणू? तुला अक्कल हाय का? मी म्हणालो, तुम्ही न्हाई बोललात तर मी बोलतो. आज तुमची नोटीस."

मी विचारले, "पण तो तर तिथे मोठा माणूस ना? पक्षात घेतलेला?"

"साहेब, तिकडं पैसेवाल्याला पक्षात घेत्यात ते त्यानं पक्षच ताब्यात घेऊ नये म्हणून. कमवा म्हणत्यात, कितीबी कमवा. पण बोलावलं की उठून जायचं. अप्पांनी तेवढं बघितलंच न्हाई. मशीन ठरवायला तिकडं गेले, कारखाना बघितला, गाडी बघितली आणि आले."

डॉक्टरविरुद्ध काहीच नव्हते. मी त्याला जाऊ दिले आणि संध्याकाळी अप्पांना बोलावले. लोकसेवकाला खोटी माहिती दिल्याबद्दल काय कलम लागते ते त्यांना वाचून दाखवले. त्यांनी बाहेर जाऊन दोन फोन केले. आत आले तेव्हा आवाज खाली आला होता.

"साहेब, माझं मन काय दगडाचं हाय का? त्यो माणूस माझ्या पंगतीला बसून जेवलाय. मशीन बिघडली तर स्वतः खाली झोपून त्यानं दुरुस्त केली. माझ्या नातवाला खांद्यावर घेऊन फिरला."

"मग बोला."

"तुमचं काय जातंय बोला म्हणायला?" ते म्हणाले. मग टेबलावरच्या पुस्तकाकडे बघत म्हणाले, "ते कलमाचं मिटवा. बोलतो."

मी कबूल झालो. दिलेली माहिती गैरसमजातून होती, अशी नोंद घ्यायची आणि त्यांनी बोलायचे. एका माणसाने आपल्या मित्रासाठी खरे बोलावे, यासाठी मला कायद्याचे पुस्तक टेबलावर ठेवावे लागले.

डॉक्टरला परत बोलावून माझ्याच खोलीत चित्रीकरण केले. सुरू करण्यापूर्वी अप्पांनी गळ्यातले उपरणे काढले, घडी घातली, टेबलाच्या कडेला ठेवले. मी ते पाहिले. तेव्हा त्यात मला काही वावगे वाटले नाही. मग ते छान बोलले. पाहुणा आला की आम्ही फेटा बांधतो, हार घालतो, पुढारी असला तर त्याच्या गळ्यातले कापड पाहुण्याच्या गळ्यात टाकतो. उद्या तुम्ही आलात तर तुमच्याही गळ्यात टाकू. त्याला काही अर्थ नसतो. डॉक्टरने मागोमाग चिनीत सांगितले. अण्णांनी दारातूनच मान डोलावली.

काही दिवसांनी डॉक्टर ठाण्यात आला. चेहऱ्यावरून उत्तर आल्याचे कळत होते.

"चौकशीवाल्यांनी व्हिडिओ बघितला, असं ती बाई म्हणायलीय," तो म्हणाला. "त्यांना पटलं न्हाई. त्यांनी विचारलंय..."

"सांगा."

"टेबलाच्या कडेला घडी घालून ठेवलंय ते तेच कापड हाय ना? त्याला अर्थ नसता तर ह्या माणसानं बोलायच्या आधी गळ्यातनं काढलं कामून?"

हजारो मैलांवरचा, मला न दिसलेला तो तपास अधिकारी. त्याच्या जागी मी असतो, तर हाच प्रश्न विचारला असता. त्याची राजवट मला मान्य नाही, त्याची पद्धतही नाही. पण तो प्रश्न चुकीचा होता असे मला म्हणता आले नाही.

त्या बाईने पुन्हा एकदा विनवले होते. कापड गळ्यात ठेवून तेच बोला, बाकी काही नको.

मी साध्या कपड्यांत डॉक्टरला घेऊन मिलवर गेलो. उमेदवारी जाहीर झाली होती. बाहेर कार्यकर्ते जमले होते, चहा फिरत होता. अप्पांनी आम्हाला आतल्या खोलीत नेले आणि दार लावले. डॉक्टरने सगळे सांगितले.

"अप्पा, काही काढायचं न्हाई," तो म्हणाला. "आता हाय तसंच बोला. एकदाच. मी हात जोडतो."

अप्पांचा हात उपरण्याकडे गेला. त्यांनी त्याचे टोक धरले. डॉक्टरने फोन वर केला. बाहेर कोणीतरी त्यांच्या नावाची घोषणा दिली आणि इतरांनी ती उचलली. अप्पांनी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"साहेब, खोटं न्हाई बोलत," ते म्हणाले. "हे गळ्यात असताना तसं बोलता येत न्हाई."

त्यांचे डोळे भरले होते. ते नाटक नव्हते. नाटके मी ओळखतो. टोक सोडून त्यांनी उपरणे दोन्ही खांद्यांवर सारखे केले आणि दार उघडून बाहेर गेले.

आता माझ्याकडे दाखवायला कलम नव्हते. ते मी आधीच वापरून टाकले होते. एखाद्याने मित्रासाठी न बोलणे हा कोणत्याही पुस्तकात गुन्हा नाही. नोकरीभर मी लोकांना बोलते केले. मारून नव्हे, बसवून, वेळ देऊन, गोठ्यातल्या म्हशींची चौकशी करून. माणूस बोलत नाही तो शिक्षेच्या भीतीने, असे माझे मत होते. मिळणारी खुर्चीही तितकेच घट्ट तोंड बांधते, हे मला त्या खोलीत कळले. आपल्याकडे पक्ष अनेक आहेत, कोणी कोणाला उचलून नेत नाही, हे मी तोवर अभिमानाने सांगत असे. अजूनही ते खरेच आहे. पण ते सांगताना मला पूर्वीसारखा आवाज लागत नाही.

अप्पा निवडून आले. कारखानदाराचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही.

त्या दिवशी मिलच्या फाटकाबाहेर डॉक्टर बराच वेळ फोन हातात धरून उभा होता.

"तिला काय कळवू, साहेब?"

आत भाषण सुरू झाले होते. मी म्हणालो, "लिहा, इथले पोलीस प्रयत्न करत आहेत."

ठाण्यात रिकाम्या हाताने परत पाठवलेल्या कितीतरी माणसांना मी हेच वाक्य सांगितले होते. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, मान खाली घातली, आणि ते तिच्या भाषेत लिहून पाठवले.