जोडीनं घ्यायचं औषध

आमच्या जऊळक्यात गिरजाबाई नावाची सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, मी दोन यत्ता शिकलेली, म्हणून तिची गोष्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. ज्यांची लाज राखायची होती ती दोघं आता नाहीत, आणि त्यांची लेकच म्हणते, काकू, लिही.

आमची बागाईत होती. वांगी, कांदे, मेथी, सगळं मोटेच्या पाण्यावर. मोट हाकायचे माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, जगदेव. चतुराबाई त्यांची बायको, माझी मोठी जाऊ. मी तेव्हा घरात नवी होते. चतुराबाईची तीन बाळंतपणं झाली तरी पाळणा रिकामाच. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं सातव्यात, तिसरं नऊ भरून आलं पण मेलेलंच. आता चौथ्यांदा दिवस गेले होते. सासूबाई कस्तुराबाईंनी सांगूनच टाकलं होतं, "हे बी गेलं तं जगदेवचं दुसरं लगन. आसेगावची पोरगी पाहून ठेवली हाय म्या."

भाकरी थापताना चतुराबाईचा हात मध्येच थांबायचा, एवढंच.

गिरजाबाई वाशिमच्या दवाखान्यात सहा महिने राहून दाईचं काम शिकून आलेली. तिसरं मेलेलं मूल तिनंच हातात घेतलं होतं. त्याच्या तळहातांची आणि तळव्यांची कातडी सोललेली होती. बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. तिनं दवाखान्यात असं मूल पाहिलं होतं, तिनं ते डोक्यात ठेवलं.

चतुराबाईच्या चौथ्या महिन्यात एका सकाळी गिरजाबाई मळ्यात आली आणि थेट मोटेच्या धावेवर जाऊन उभी राहिली. मोट हाकणाऱ्या माणसाला पळता येत नाही. बैल सोडले तर मोट विहिरीत. हे तिला बरोबर ठाऊक. मी वाफ्यात पाणी वळवत होते.

"जगदेव, तुले गरमी झाली होती का रे?"

"काय बोलून राह्यली गिरजाबाई! भावाची बायको ऐकते तिकडं."

"तिचे कान पाण्यात हायेत. तू बोल."

बैल धावेवरून खाली गेले, मागं आले, पुन्हा गेले. तिसऱ्या फेरीला भासरे बोलले.

"झाली होती. लगनाच्या पहिले, कापसाच्या जिनात कामाले होतो तवा. पण निघून गेली. सब्जा पेलो, ताक पेलो, उन्हाळाभर कच्चा कांदा खाल्ला."

सगळा घोळ त्या नावाचा. बाईबाटलीच्या नादानं लागणाऱ्या त्या रोगाला आमच्याकडे गरमी म्हणतात, म्हणून जो तो थंड खातो. जखम आपोआप भरून येते आणि माणूस समजतो, ताकानं काम केलं. ताकाला फुकटचं श्रेय.

"जखम गेली, रोग रक्तात राह्यला," गिरजाबाई म्हणाली. "तुह्यापासून चतुरेले, चतुरेपासून पोटातल्याले. दुसरी आणशील तं तिचंबी असंच होईन. वाशिमले दर आठ दिवसांनी सुई घ्या लागते. दोघाईनं."

"तिले ने मंग. मी बरा हावो."

गिरजाबाईनं वाद घातला नाही. तिथून निघून आमच्या ओसरीवर आली.

"कस्तुराबाई, सत्यनारायणाले बाई एकटी बसते का वं?"

"नाई माय, जोडीनं बसा लागते."

"चतुरेचंबी जोडीनंच हाय. एक उठला का मोडलं."

"कोण्या देवाचं हाय?"

"वाशिमचा हाय," गिरजाबाई म्हणाली. खोटं काही बोलली नाही.

सासूबाईंनी तो नवसच समजून हुकूम सोडला, दोघांनी जायचं. माईपुढं भासऱ्यांचं काय चालणार? दर बाजारच्या दिवशी भाजीच्या टोपल्या घेऊन दोघं आगगाडीत बसू लागले, तिसरी गिरजाबाई. आधी दवाखाना, मग बाजार. सुई दंडाच्या शिरेत. चतुराबाईला उलट्या व्हायच्या. ती तोंड पुसायची आणि वांगी विकायला बसायची.

चौथ्या आठवड्याला भासऱ्यांनी कंपाउंडरचं बोलणं ऐकलं, की औषधात सोमल असतो. सोमल म्हणजे आमच्याकडे उंदीर मारायचं विष. झालं! पाचव्या खेपेला त्यांनी टोपल्या डब्यात चढवल्या आणि स्वतः खाली उतरले.

"मले नाई मरायचं सोमल घेऊन."

"तुही बायको पोटुशी असून घेऊन राह्यली," गिरजाबाई दारातून म्हणाली. "डाक्टर मोजून देते. चढ."

"नाई म्हणजे नाई."

मग तिनं आवाज चढवला. "काहून रे जगदेव, जोडीचा नवस मोडून राह्यला? सांगू का लोकाईले कायचा हाय?"

सगळं ठेसन वळून पाहू लागलं. टोपलीवाल्या बाया पुढं सरकल्या. शिट्टी झाली आणि भासरे चालत्या गाडीत असे चढले, की एक जोडा फलाटावरच राहिला. चतुराबाई पदर तोंडाला लावून वाशिमपर्यंत हसत होती. घरी येऊन मला सांगतानाही हसली. किती दिवसांनी!

त्यानंतर एकही खेप चुकली नाही.

दिवस भरले. दुपारी कळा सुरू झाल्या, गिरजाबाई आत गेली. भासरे मोट सोडून अंगणात उभे. बाळ बाहेर आलं आणि क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग रडणं आलं, चांगलं खणखणीत.

"पोरगा का पोरगी वं?" सासूबाई दारातून.

"थांब," गिरजाबाई म्हणाली. तिनं आधी तळहात उघडले, मग तळवे पाहिले. बोटानं हळूच चोळले. कातडी गच्च, गुलाबी. मग म्हणाली, "पोरगी हाय."

"पोरगी..."

"रडून राह्यली नं? तीन गेले, ते रडले होते का?"

सासूबाई आत जाऊन गुळाची ढेप घेऊन आल्या, आणि आसेगावच्या पोरीचं नाव पुन्हा घरात निघालं नाही. महिन्यानं गिरजाबाई लेकीला आणि दोघांना परत दवाखान्यात दाखवून आली, रोग राहिला की गेला ते पाहायला.

आता म्हणे दुसरं चांगलं औषध आलंय, सोमल लागत नाही. पण जोडीनं घ्यायचं ते तसंच आहे. आमच्याकडे मात्र बरीच वर्षं त्याला जोडीचा नवसच म्हणत. शिरपूरहून, कुठून कुठून माणसं यायची, खाली मान घालून विचारायची, "बाई, थो नवस कोण्या देवाचा हाय?"

"वाशिमचा," गिरजाबाई म्हणायची. "पांढरा कोट घालते. पण एकट्याले पावत नाई. बायकोले घेऊन ये."