मोगऱ्याचा फवारा

परवा जेवायला बसलो आणि घरात मोगऱ्याच्या फवाऱ्याचा वास घुमला. हातातला घास मी ताटात ठेवला. हाच वास काही वर्षांपूर्वी नातीच्या कॉलेजात, तिच्या विभागाच्या साहेबांच्या केबिनमध्ये होता. नात शेती-व्यवसायाचं शिकत होती. सहा महिने परदेशातल्या विद्यापीठात जायची होती आणि तिथले विषय साहेबांनी आधी मंजूर करायचे होते. मी मांजरी गावातल्या आमच्या शेतात उसाला पाणी देऊन तसाच गेलो होतो. पायांचा चिखल बघून साहेबांनी नाक मुरडलं, ड्रॉवरमधून डबा काढला आणि माझ्या डोक्यावरून फस्सकन फवारा मारला. मग नातीला म्हणाले, "खारवट जमीन सुधारायचा विषय? तो आपल्याकडे नाही. इथल्या विषयाशी जुळला तरच मंजूर होतो." आमच्या शेताची खालची पट्टी खारवटून पांढरी पडलेली, पोरीला तेवढ्यासाठीच जायचं होतं. मी म्हणालो, "साहेब, इथं न्हाई म्हणूनच तिकडं जायचं ना?" ते हसले. "आजोबा, माती तर तुम्ही इथपर्यंत आणलीत, अजून किती हवी? मार्केटिंग घ्या, ते जुळतं." म्हणजे इथलंच शिकायला विमानाने जायचं! "ऊठ, जायचं न्हाई," मी नातीला म्हणालो. ती उठली नाही. मान खाली घालून तिने अर्जात मार्केटिंग लिहिलं. ती तिकडं जाऊन आली, आता खराडीत एका कंपनीत नोकरीला आहे आणि पट्टी अजून पांढरीच आहे. परवाचा डबाही तिच्याच हातात होता. "आबा, पाहुणे यायचेत, गोठ्याचा वास येतो हो." मी ताट उचललं आणि गोठ्यात जाऊन जेवलो.